आरोग्यविज्ञान शिक्षण संघटनेच्या कार्यकारिणीवर उभं राहायचंय? कोकणातल्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

‘निवडणूक जाहीर’ असा ई-मेल येतो, तेव्हा अर्ज भरायला जेमतेम दोन-तीन आठवडे हातात असतात. पण तुम्ही उभं राहायला पात्र आहात की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. वर्गणी कधी भरली, यादीत नाव कसं लागलं, संपर्कासाठी कुठला ई-मेल दिला, हे ते ठरवतं. चांगल्या शिक्षकांचे अर्ज बाद होतात ते याच तीन गोष्टींपायी. त्यामुळे तयारी अर्जाच्या दिवसापासून नको, किमान चार महिने आधीपासून हवी.

ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सावर्ड्याचं वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यातली नर्सिंग, फिजिओथेरपी, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथीची कॉलेजं, इथे शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी हा लेख आहे. कमी शिक्षक, लांबची गावं आणि चार महिने पाऊस असताना शिकवायचं कसं, हे इथल्या शिक्षकाला ठाऊक असतं. ते धोरण ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोचायला हवं, आणि त्यासाठी आपलं माणूस त्या टेबलाशी बसलेलं असायला हवं.

१. संघटना आणि पद आधी ठरवा

‘आरोग्यविज्ञान शिक्षण’ म्हणजे फक्त एमबीबीएसचं शिक्षण नव्हे. नर्स, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, फार्मासिस्ट घडवणारं सगळंच त्यात येतं. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर ‘अकॅडमी ऑफ हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेटर्स’सारखी संघटना आहे. परदेशात १९७२ साली कोपनहेगनला सुरू झालेली ‘एएमईई’ (मूळ नाव ‘असोसिएशन फॉर मेडिकल एज्युकेशन इन युरोप’) आहे. तिच्या मूळ नावात वैद्यकीय शिक्षण आणि युरोप असले, तरी आज ती जगभरच्या सगळ्या आरोग्यव्यवसायांच्या शिक्षकांना सदस्य करून घेते. याखेरीज एकेका शाखेच्या संघटना आहेत.

दोन गोष्टी पाहा. तुमच्या व्यवसायाला त्या संघटनेत मतदानाचा आणि उभं राहण्याचा पूर्ण हक्क आहे का? काही ठिकाणी ‘सहयोगी सदस्य’ नावाचा वर्ग असतो. त्याला परिषदेत सवलत मिळते, मत मिळत नाही. दुसरं, जागा विभागवार किंवा व्यवसायवार राखलेल्या आहेत का? पश्चिम विभागासाठी एक जागा असेल, तर तुमची स्पर्धा मुंबई-पुण्याच्या उमेदवारांशी आहे. नर्सिंगसाठी वेगळी जागा असेल, तर गणित पार बदलतं.

पहिल्यांदा उभं राहताना कार्यकारिणी सदस्याची जागा घ्या, हा आमचा स्पष्ट सल्ला. सचिवाला वर्षभर पत्रव्यवहार, इतिवृत्त आणि सभांच्या नोटिसा सांभाळाव्या लागतात. खजिनदाराला बँकेत सहीसाठी हजर राहावं लागतं, लेखापरीक्षकाकडे खेटे घालावे लागतात. संघटनेचं खातं मुंबई किंवा चेन्नईच्या शाखेत असेल, तर सावंतवाडीहून ते काम निभावणं फार कठीण.

२. नियमावली मिळवा आणि पेन घेऊन वाचा

घटना, नियमावली, उपविधी, नाव काहीही असो, निवडणुकीचा शेवटचा शब्द तोच. ती संकेतस्थळावर नसेल, तर सचिवांना ई-मेल करून मागा. सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे. संघटनेची नोंदणी महाराष्ट्रातली असेल, तर ती बहुधा दोन कायद्यांखाली असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. अशा संघटनेच्या घटनेची नक्कल ती नोंदलेल्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करूनही मिळते. नोंदणी तमिळनाडूत असेल तर तिथला १९७५चा कायदा लागू होतो, कर्नाटकात असेल तर १९६०चा. नोंदणी कुठली, हे लेटरहेडवरच्या क्रमांकावरून कळतं.

वाचताना या जागी खूण करा:

- सदस्य होऊन किती काळ झाल्यावर उभं राहता येतं (एक वर्ष, दोन वर्षं, की अटच नाही)
- मतदारयादी कुठल्या तारखेला गोठवली जाते
- सूचक-अनुमोदक किती, आणि एका सदस्याला किती उमेदवार सुचवता येतात
- एकाच कॉलेजचे किती जण कार्यकारिणीत चालतात
- मुदत किती वर्षांची, आणि लागोपाठ किती वेळा
- किती बैठका चुकल्या की पद जातं
- निवडणूक अधिकारी कोण नेमतं, आणि तक्रार कुणाकडे करायची

‘लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिल्यास पद रिक्त’ असं कलम असेल, तर ऑनलाइन हजेरी धरतात का, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा. पावसाळ्यात दरड कोसळून गाडी अडकली म्हणजे हे कलम आठवतं, पण तेव्हा उपयोग नसतो.

३. सदस्ययादीतलं आपलं नाव तपासा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून इथे घाई नको.

*वर्गणी.* १८६०च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. संघटनेची स्वतःची अट याहून कडक असू शकते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर थकबाकी भरून भागेलच असं नाही. यादी गोठवण्याची तारीख उलटली असली, तर पैसे जमा होतात, मत मिळत नाही. आजीव सदस्यांनीही निर्धास्त राहू नये. जुन्या काळी डीडी पाठवून भरलेल्या आजीव वर्गणीची नोंद संगणकावर चढलेली नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. पावती शोधा. यूपीआयने भरली असेल तर १२ अंकी संदर्भ क्रमांक, नेफ्टने भरली असेल तर यूटीआर क्रमांक बँकेच्या उताऱ्यासकट जपून ठेवा.

*नाव.* पदवी माहेरच्या नावावर, नोकरी सासरच्या नावावर आणि संघटनेचं सदस्यत्व कॉन्फरन्सच्या नोंदणीत घाईत लिहिलेल्या तिसऱ्याच नावावर, असं कितीतरी शिक्षिकांचं असतं. अर्जावर एक नाव आणि यादीत दुसरं असेल, तर छाननीत हरकत घेतली जाते. पुरुषांच्या बाबतीत वडिलांचं नाव आणि आडनाव यांची उलटापालट होते. नाव दुरुस्त करायचं असेल, तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून दोन महिने आधी ई-मेल करा, आणि ‘दुरुस्ती झाली’ असं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

*ई-मेल आणि मोबाइल.* मतदानाची लिंक आणि ओटीपी जिथे जायचा तो पत्ता आज चालू हवा. कॉलेज बदललं की जुन्या कॉलेजचा ई-मेल बंद होतो, आणि यादीत मात्र तोच राहतो. कॉलेजच्या सर्व्हरवर बाहेरच्या मतदान यंत्रणेचे मेल अडवलेही जातात. वैयक्तिक ई-मेलच द्या. मोबाइलसाठी ज्या सिमला तुमच्या घरी आणि कॉलेजात, दोन्हीकडे रेंज असते, तेच द्या. घाटाच्या पायथ्याशी एका कंपनीची रेंज आणि समुद्राकडे दुसरीची, हे इथे कुणाला सांगायला नको.

तपासणी झाली की सचिवांना चार ओळींचा ई-मेल टाका: नाव, सदस्य क्रमांक, वर्गणीचा तपशील, ‘मी मतदानास व उमेदवारीस पात्र आहे का, कृपया कळवावे’. या उत्तराचा प्रिंट हा तुमच्या फायलीतला पहिला कागद.

४. कॉलेजची परवानगी

शासकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. संघटनेतलं काम मानद असलं, तरी लेखी परवानगीशिवाय निवडणुकीला उभं राहू नका. अर्ज विभागप्रमुखांमार्फत अधिष्ठात्यांकडे द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली आपली प्रत घ्या. खाजगी कॉलेजात नेमणूकपत्रातल्या अटी पाहा आणि प्राचार्यांकडून ‘ना हरकत’ घ्या.

अर्जात तीन गोष्टी लिहिल्या की परवानगी लवकर मिळते. पद बिनपगारी आहे. वर्षाला अंदाजे किती बैठका आहेत, त्यातल्या किती ऑनलाइन. आणि विद्यार्थ्यांच्या तासांची पर्यायी सोय कशी केली आहे. नुसतं ‘परवानगी मिळावी ही विनंती’ असं लिहिलेला कागद टेबलावर पडून राहतो, कारण सही करणाऱ्याला कशाला हो म्हणतोय ते कळत नाही. किमान एक महिना हातात ठेवा. गणपतीच्या आधीचा आठवडा धरूच नका. अर्धं कार्यालय सुट्टीवर असतं.

५. सूचक आणि अनुमोदक

दोघंही संघटनेचे मतदार सदस्य हवेत. आपल्याच कॉलेजातले दोघं घेणं सोयीचं वाटतं, पण त्यानं तुमचा आवाका छोटा दिसतो. एक आपल्या जिल्ह्यातला आणि एक बाहेरचा, शक्यतो दुसऱ्या व्यवसायातला, अशी जोडी उत्तम. डॉक्टर उमेदवाराला नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं अनुमोदन दिलं, तर मतदार ते बरोबर टिपतो. बाहेरची माणसं शोधायला अवघड नाहीत. शिक्षकांसाठीच्या बेसिक कोर्सला तुमच्या बरोबर असलेले, मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातल्या ‘फायमर’ या आरोग्य-शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या विभागीय केंद्रातून फेलो झालेले, किंवा कार्यशाळेला तुमच्याकडे येऊन गेलेले शिक्षक आठवा.

फोन करताना आडवळण नको:

‘नमस्कार मॅडम, रत्नागिरीहून बोलतेय. मी यंदा कार्यकारिणी सदस्यपदासाठी उभी राहतेय. तुम्ही सूचक व्हाल का? त्याआधी एक विचारते, तुमची वर्गणी चालू आहे ना? आणि या पदासाठी आणखी कुणाला सही दिली नाहीये ना?’

शेवटचे दोन प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचाराच. सूचकाची वर्गणी थकलेली निघाली की बाद होतो तो तुमचा अर्ज. आणि एकाच सदस्यानं मर्यादेपेक्षा जास्त उमेदवार सुचवले असतील, तर उशिरा आलेला अर्ज बाजूला पडतो. सही स्कॅन करून घेणार असाल, तर संघटनेला ती चालते का, की शाईची सहीच लागते, हेही पाहा. शाईची लागत असेल, तर स्पीड पोस्टला जाऊन-येऊन आठ-दहा दिवस धरा.

६. फायलीत काय काय हवं

- भरलेला उमेदवारी अर्ज, प्रत्येक पानावर सही
- सदस्यत्व प्रमाणपत्र, वर्गणीची पावती, पात्रतेचं सचिवांचं उत्तर
- कॉलेजची परवानगी किंवा ना हरकत
- ओळखपत्र (संघटना मागेल तेवढंच, आधारची प्रत द्यायची तर क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली)
- राज्य परिषदेची नोंदणी, नूतनीकरणाची तारीख उलटलेली नाही ना ते पाहून
- संक्षिप्त परिचय, दोन पानं, अधिक नाही
- निवेदन
- हितसंबंधांचं घोषणापत्र: पुस्तकाचं मानधन, औषध किंवा उपकरण कंपनीचं व्याख्यान, दुसऱ्या संघटनेतलं पद
- साध्या पार्श्वभूमीवरचा फोटो

स्कॅन मोबाइलवर चालतं, पण कागद उजेडात, सपाट ठेवून काढा आणि एकाच पीडीएफमध्ये जोडा. फाइलचं नाव ‘स्कॅन००१’ ठेवू नका. आपलं नाव आणि पद घाला. निवडणूक अधिकाऱ्याकडे चाळीस ‘स्कॅन००१’ आलेल्या असतात.

७. निवेदन: मतदार फक्त हेच वाचतो

बहुतेक मतदार तुम्हाला ओळखत नाहीत. ते मतपत्रिकेशेजारचा तुमचा परिच्छेद वाचतात, तोही मोबाइलवर. शब्दमर्यादा १५० ते ३०० असते. परिचय कितीही भारदस्त असला, तरी मत या परिच्छेदावर पडतं.

राष्ट्रीय संघटनेत निवेदन इंग्रजीत द्यावं लागतं. तरीही पहिला खर्डा मराठीत लिहा. आपल्या भाषेत लिहिताना पोकळ वाक्य लगेच खुपतं. मग इंग्रजीत करा आणि दुसऱ्या शाखेतल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला न कळलेला शब्द काढून टाका.

असं लिहिलेलं निवेदन नेहमी दिसतं:

‘मला अध्यापनाचा वीस वर्षांचा अनुभव आहे. मी अनेक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत सहभाग घेतला आहे. संधी मिळाल्यास मी संघटनेच्या प्रगतीसाठी निष्ठेने कार्य करेन.’

यातला एकही शब्द खोटा नसेल. पण यादीतल्या कुठल्याही नावाखाली हे चिकटवता येईल. आता हा नमुना पाहा:

‘आमच्या नर्सिंग कॉलेजात परीक्षक चारच. तरी ५० विद्यार्थ्यांची ओएससीई (एकेका स्टेशनावर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) आम्ही एका दिवसात घेतो: आठ स्टेशनं, प्रत्येकी पाच मिनिटं, चारांवर परीक्षक, उरलेल्या चारांवर विद्यार्थी कागदावर उत्तर लिहितात. ही मांडणी छोट्या कॉलेजांना जशीच्या तशी वापरता यावी, म्हणून स्टेशनांचा सामायिक संच तयार करायचा आहे. पहिल्या वर्षी वीस स्टेशनं, तीन व्यवसायांच्या शिक्षकांनी मिळून तपासलेली. यासाठी मला महिन्याला दोन संध्याकाळी देता येतील.’

यात काम दिसतं, आकडा दिसतो, पुढचं वचन मोजता येतं आणि वेळ किती देणार तेही आहे. आकडे तुमचे स्वतःचे घाला, आणि हिशेब करूनच घाला. वरच्या मांडणीत स्टेशन बदलायला एक मिनिट धरलं, तर आठ विद्यार्थ्यांची एक फेरी ४८ मिनिटांची. पन्नास जणांना सात फेऱ्या, म्हणजे ३३६ मिनिटं, सुमारे साडेपाच तास. जाणकार मतदार हे मनातल्या मनात करून पाहतो. तीन तासांत संपवल्याचं लिहिलंत, तर तिथेच विश्वास उडतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘ग्रामीण भागात असूनही’, ‘साधनं अपुरी असतानाही’ असं अजिजीनं लिहू नका. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, आणि ते काम ‘लॅन्सेट’पर्यंत गेलं. ते कोकणातल्या रुग्णांपाशी बसूनच होण्यासारखं काम होतं. फुरशाचा दंश, भातलावणीच्या दिवसांतला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप), होडीवरून येणारा रुग्ण, कुटुंब दत्तक कार्यक्रमात वाडीवाडीत फिरणारे विद्यार्थी, हे आपल्याकडचं शिकवण्याचं साहित्य आहे. ते कसं वापरता, एवढंच सांगा.

निवेदनात टाळायचं: मावळत्या कार्यकारिणीवर टीका, विद्यार्थ्यांची नावं, रुग्णाची ओळख पटेल असा तपशील आणि एकट्याच्या हातात नसलेली आश्वासनं. ‘राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून नियम बदलून घेईन’ हे कार्यकारिणी सदस्याच्या हातात नाही. ‘छोट्या कॉलेजांची अडचण मांडणारं निवेदन तयार करून बैठकीत ठेवेन’ हे आहे.

मर्यादा २०० शब्दांची असेल तर १९० वर थांबा. काही यंत्रणा जास्तीचे शब्द न सांगता कापतात, आणि मग शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं छापलं जातं.

८. अर्ज दाखल करणं

शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी दाखल करा. पावसाळ्यात लाईट गेली की मोबाइलचा टॉवरही काही तासांत मान टाकतो. कॉलेजच्या इंटरनेटवर विसंबून असाल, तर दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा, लॅपटॉप चार्ज करून ठेवा.

परदेशी संघटनेच्या वेळेत फसगत होते. ‘१७:०० बीएसटी’ (ब्रिटनची उन्हाळी वेळ) म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली, की त्याच पाच वाजता आपल्याकडे साडेदहा वाजतात. ‘२३:५९ जीएमटी’ (ब्रिटनची हिवाळी वेळ) म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाटे ५:२९.

पोचपावती आली नाही तर अर्ज पोचला नाही असंच धरा. २४ तासांत उत्तर नसेल, तर निवडणूक अधिकाऱ्यांना फोन करा आणि फोननंतर ‘बोलल्याप्रमाणे’ म्हणून ई-मेलही टाका.

९. छाननी आणि माघार

छाननीच्या दिवशी फोन चालू ठेवा. किरकोळ त्रुटी दूर करायला काही संघटना २४ ते ४८ तास देतात, आणि तो निरोप ई-मेलनं येतो. अर्ज बाद झाला तर कारण लेखी मागा, नियमावलीतल्या कलमाच्या क्रमांकासह. हरकतीची मुदत एक-दोन दिवसांचीच असते.

माघारीच्या काळात ‘यंदा थांबा, पुढच्या वेळी बिनविरोध देऊ’ असा फोन येऊ शकतो. थांबायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण असा शब्द कुठल्या नियमावलीत बसत नाही, एवढं ध्यानात असू द्या. माघार घ्यायचीच असेल तर स्वतःच्या सहीनं, लेखी घ्या.

१०. प्रचार

आधी आचारसंहिता वाचा. काही संघटना फक्त अधिकृत निवेदनालाच परवानगी देतात, बाकी सगळा प्रचार बंद.

परवानगी असेल, तर सगळ्यात फळ देतं ते एकेकाला केलेलं फोनवरचं बोलणं. दिवसाला पाच फोन, दोन आठवडे, म्हणजे सत्तर माणसं. मतदान अनेकदा इतकं कमी होतं, की सत्तर खरी संभाषणं निकाल फिरवू शकतात. दुपारी ओपीडी आणि तास संपल्यावर, चार ते सहाच्या दरम्यान फोन करा. सुरुवातीलाच मत मागू नका. ‘तुमच्या कॉलेजात कशाची अडचण आहे?’ असं विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. निवडून आलात, तर तीच तुमची कार्यक्रमपत्रिका.

करू नये असं:

- सदस्यांच्या ई-मेलची यादी कुणाकडून तरी मिळवून घाऊक मेल पाठवणं. पत्ते संघटनेच्या कामासाठी दिलेले असतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं भान ठेवा.
- कॉलेजचं लेटरहेड किंवा बोधचिन्ह वापरणं.
- विद्यार्थ्यांना किंवा हाताखालच्या निवासी डॉक्टरांना कामाला लावणं.
- दुसऱ्यांची वर्गणी आपण भरणं. हेतू कितीही चांगला असला, तरी ते मत विकत घेणंच ठरतं.
- विभागाच्या किंवा वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रचार. तो गट रुग्णांच्या कामासाठी असतो.

११. मतदान आणि मोजणी

मतदान सुरू होण्याच्या दिवशी स्पॅम तपासा, आपल्या समर्थकांनाही तपासायला सांगा. लिंक आली नसेल, तर पहिल्याच दिवशी कळवा. शेवटच्या दिवशी तक्रारी इतक्या असतात की तुमची पाळी येत नाही. ओटीपी काही मिनिटांतच मुदतबाह्य होतो. रेंज नसलेल्या ठिकाणी तो उशिरा येतो, तोवर दुसरा मागवलेला असतो आणि मग पहिला चालत नाही. अशा वेळी ई-मेलवरचा ओटीपी हा पर्याय निवडा.

काही संघटनांत पसंतीक्रमाची पद्धत असते: १, २, ३ असे क्रमांक. तिथे बरोबरची खूण केली की मत अवैध ठरू शकतं. तुम्हाला मत देणाऱ्यांना पद्धत नीट समजावून सांगा.

निकालासोबत एकूण मतदार, झालेलं मतदान, अवैध मतं आणि उमेदवारनिहाय मतं असा तक्ता मागा. हरलात तरी मागा. कुठल्या विभागातून किती मतदान झालं हे कळलं, तर पुढची तयारी नेमकी होते. पराभवानंतर आठवड्याभरात नव्या सचिवांना पत्र लिहून एखाद्या उपसमितीवर काम करण्याची तयारी दाखवा. परिषदेची वैज्ञानिक समिती, परीक्षण समिती यांना माणसं नेहमीच कमी पडतात.

१२. निवडून आल्यावर पहिले नव्वद दिवस

महाराष्ट्रात विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या संघटनेची कार्यकारिणी बदलली, की १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्यासाठी तुमचं संमतीपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. हे काम सचिवांचं, पण कागद तुमचे. एकाचे कागद आले नाहीत, तर सगळ्यांचा अर्ज अडतो. मागितल्याच्या दिवशीच पाठवा, आणि बदल अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक विचारून घ्या.

पहिल्या बैठकीआधी मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित हिशेब वाचा. न वाचता पहिल्याच बैठकीत नव्या कल्पना मांडल्या, तर ‘हे दोन वर्षांपूर्वी झालंय’ असं ऐकावं लागतं.

प्रत्यक्ष बैठकांच्या तारखा मिळाल्या की रेल्वेचं पाहा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती, मे महिना आणि शिमग्याच्या दिवसांत कोकण रेल्वेची तिकिटं काही मिनिटांत संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या हळू चालतात, सुटण्याच्या वेळा बदलतात. मुंबईत सकाळी दहाची बैठक असेल, तर आदल्या दिवशी निघा. वार्षिक सभा गणेशोत्सवात येत असेल, तर तारीख जाहीर होण्याआधीच सचिवांना कळवा. दुसऱ्या राज्यातल्या सहकाऱ्यांना हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं की बहुतेक वेळा ते तारीख आठवडाभर पुढे घेतात.

प्रवासखर्च संघटना देते की नाही, दिला तर कुठल्या वर्गाचा, तिकीट मूळ लागतं की मोबाइलवरचं चालतं, हे पहिल्याच महिन्यात विचारा. आणि कॉलेजकडून प्रत्येक बैठकीला ‘ऑन ड्यूटी’ची मंजुरी वेगळी घ्या. चौथ्या पायरीवर मिळालेली परवानगी उभं राहण्याची होती, गैरहजेरीची नव्हे.